मार मोजायचा कोणी?



मी जिनिंगात कामाला आहे. शाळा दहावीपर्यंत. पुढचं शिक्षण हाताला लागेल ते वाचून. कविता लिहितो. कायद्याची पदवी माझ्याकडं नाही. तरी हा विषय घेतला, कारण यातला एक आरोपी मी स्वतः आहे. ते पुढं सांगतो.

आमच्या जिनिंगात सगळं लिहिलं जातं. कापसाची गाडी आली की आधी काट्यावर. भरली गाडी किती, रिकामी किती, ओलाव्याची कट्टी किती, रुई किती, सरकी किती, गठाणी किती. किलोचा हिशेब चुकला तर मुनीम रात्री झोपत नाही. एकदा रेच्यावर काम करणाऱ्या एका बाईचं बोट गेलं. दुसऱ्या दिवशी मी हजेरीवही बघितली. तिच्या नावापुढं एवढंच होतं : गैरहजर. बोट तर गेलं, पण वहीच्या हिशेबानं ते गेलंच नाही. गेली ती फक्त एक हजेरी.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसलाय. जे वहीत नाही, ते घडलं की नाही? घडलं असेल तर त्याचा न्याय कोणी करायचा, आणि कशाच्या आधारावर?

आता आक्काचं सांगतो. माझी थोरली बहीण. मुदखेडच्या मळ्यांत फुलं तोडायला जाते, पहाटे तारे असताना. तिची फुलंही काट्यावर जातात. मार्च २०२३. जयंती महिन्यावर आलेली. दाजी आमच्या मंडळाचा कार्यकर्ता, भाषण करणारा, भीमगीतं म्हणणारा. त्यानं तिला लोखंडी पायपानं मारलं. पहिली वेळ नव्हती, पण ठाण्यात जायची पहिली वेळ होती. कोणतं ठाणं ते सांगत नाही. कोणतंही धरा.

तिथं साहेब म्हणले, "बाई, घरचं भांडण हाय. उद्या तुमी दोघं गोड व्हताव, मधी आमी येडे." आक्का ऐकंना. म्हणली, "रोजचा तरास हाय. सासूपासून सगळ्यांचा. ४९८ लावा." तिला कलम ठाऊक होतं, कारण एका शिबिरात मीच सांगितलं होतं. मग साहेबांनी एनसी लिहिली. पायपाचं 'थापडाबुक्क्याने मारहाण करून शिवीगाळ केली व धमकी दिली' झालं. कलम ३२३, ५०४, ५०६. आक्का सही करंना.

तेव्हा मंडळाच्या पोरांनी मला बोलावून नेलं. "भाऊ, तू चळवळीतला माणूस. आपल्या वस्तीतली केस, तीबी जयंतीच्या तोंडावर. बाकीचे गावकरी हसतेत." मी गेलो. बाकड्यावर तिच्या शेजारी बसलो आणि म्हणलो, "आक्का, सही कर. समाजाची अब्रू जाईल."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "समाजाची अब्रू माझ्या पाठीवर ठिवली व्हय रे? तिथं तर जागाच न्हाई राहिली."

आणि सही केली. मी सांगितलं म्हणून केली.

त्या एनसीचं पुढं काय होतं, हे मी नंतर वाचून काढलं. अदखलपात्र म्हणजे पोलिसांनी वहीत टिपायचं, बाईला पावती द्यायची, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करायचा नाही. तेव्हा फौजदारी संहितेचं १५५ कलम होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १७४ आहे. आकडे बदलले, पावती तीच. दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आहे, १९८६ साली निघालेला. तो दरवर्षी देशाच्या गुन्ह्यांचं पुस्तक काढतो. त्यात दाखल झालेले दखलपात्र गुन्हे येतात. एनसी येत नाही. म्हणजे आक्काचा मार त्या पुस्तकात नाही. तो तिथून काढण्यात माझाही हात आहे.

अजून एक नियम बघा. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली, तरी मोजताना सगळ्यात जड कलमाखाली एकदाच मोजायचं. बाई जाळून मारली, तर ती खुनात नाहीतर हुंडाबळीत धरली जाते. त्याआधी दहा वर्षं खाल्लेला मार वेगळा मोजला जात नाही. मेली तेव्हा ती हिशेबात आली.

या कलमाचा इतिहासही लक्षात ठेवला पाहिजे. ४९८-अ हे कलम १९८३ साली आलं. आता ते न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं आहे. १९८३ च्या आधी नवऱ्याच्या घरच्या छळाला स्वतंत्र कलमच नव्हतं. आपल्या आज्यांनी खाल्लेला मार सरकारी हिशेबात वेगळा कुठंच नाही. मग २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. चांगला कायदा आहे. घरात राहायचा हक्क देतो, संरक्षणाचा हुकूम देतो. पण तो मुख्यतः दिवाणी आहे. कोर्टाचा हुकूम नवऱ्यानं मोडला तरच गुन्हा होतो. म्हणून गुन्ह्यांच्या पुस्तकात या कायद्याखाली उभ्या देशाचा २०२१ चा आकडा शेकड्यातच भरतो. एवढ्या मोठ्या देशात शेकडा! वाचणाऱ्याला वाटावं, घराघरात बुद्धाची करुणा नांदते आहे.

आता दोन आकडे शेजारी ठेवतो. २०२२ साली बायांवरचे ४,४५,२५६ गुन्हे देशात नोंदले गेले. त्यातले शंभराला ३१ नवरा आणि नातेवाईकांच्या छळाचे. म्हणजे साधारण १ लाख ४० हजार. दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, २०१९-२१ चा. तिथं बाया घरोघर जाऊन एकट्या बाईला विचारतात. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायांत शंभरातल्या २९ जणींनी सांगितलं, नवऱ्यानं हिंसा केली. महाराष्ट्रात शंभरातल्या २५ जणींनी. आणि ज्यांनी हिंसा सोसली त्यांच्यातल्या ७७ टक्के बायांनी कधी मदत मागितली नाही, कोणाला सांगितलंही नाही.

कोट्यवधी बाया एकीकडं, दीड लाखाच्या आतले गुन्हे दुसरीकडं. मधल्या बाया कुठं गेल्या? काही घरात गप्प राहिल्या. काही एनसीच्या वहीत राहिल्या. काही ठाण्याच्या बाकड्यावर, शेजारी भाऊ बसलेला असताना, राहिल्या.

म्हणून पोलिसांचा आकडा माराचं माप नाही. बाई किती दूर चालत आली आणि दारातून किती आत घेतली गेली, याचं ते माप आहे. आकडा वाढला म्हणजे मार वाढला असं नसतं. कधी बायांची हिंमत वाढलेली असते. आणि आकडा कमी असला की "आमच्या हद्दीत शांतता" म्हणून पाठ थोपटून घेतली जाते. जिथं कमी लिहिणाऱ्याला शाबासकी मिळते, तिथं कमीच लिहिलं जाणार. हे कळायला पदवी लागत नाही, जिनिंगातली हजेरीवही पुरते.

इथपर्यंत तुम्ही सगळे माझ्याशी सहमत असाल. पोलिसांना शिव्या देणं आपल्याला सोपं जातं. आता अवघड भागाकडं येतो.

आपल्या बाईला सवर्णानं मारलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिचा रकाना वेगळा निघतो, आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, तो आकडा भाषणात सांगतो. तो सांगितलाच पाहिजे. पण त्या कायद्यात आरोपी अनुसूचित जाती-जमातीच्या बाहेरचा लागतो. त्याच बाईला आपल्याच माणसानं मारलं तर ती त्या रकान्यात नाही. नवऱ्याच्या छळाच्या रकान्यात आली तर तिथं तिची जात दिसत नाही. आपल्या भाषणात तर ती कुठंच नाही.

आरोग्य पाहणीत मात्र जातीचा रकाना आहे. तिथं अनुसूचित जातीच्या बाया नवऱ्याच्या हिंसेबद्दल सांगतात, ते प्रमाण उच्च म्हणवणाऱ्या जातींपेक्षा जास्त निघतं. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, हे दाबलं पाहिजे. पांढरपेशे म्हणतील, बघा, हे लोक असेच. उत्तरं तयार होती : गरिबी, दारू, एका खोलीतला संसार, आणि त्यांच्या वाड्यांतल्या बाया बोलत नाहीत ते वेगळंच. यातलं काही खरं असेल. पण हे सगळं मी कोणाला वाचवायला शोधत होतो? आक्काला नक्कीच नाही.

मग एक गोष्ट आठवली. १९३२ साली मताधिकाराची लोथियन समिती बसली. बाबासाहेब तिच्यात सभासद होते. संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार म्हणल्यावर कित्येक प्रांतांतले हिंदू सांगू लागले, आमच्याकडं अस्पृश्य फार नाहीतच. काल विहिरीवरून हाकललेली माणसं आज कागदावरून हाकलली. बाबासाहेब त्या आकड्यासाठी भांडले, कारण त्यांना कळत होतं : ज्यांची गिनती नाही त्यांचा हक्क नाही.

आता मला सांगा, १९३२ साली "आमच्याकडं अस्पृश्य नाहीत" म्हणणारा आणि २०२३ साली ठाण्यात "समाजाची अब्रू जाईल" म्हणणारा मी, या दोघांत फरक काय? तो जातीची अब्रू झाकत होता, मीही. त्याला आमची संख्या अडचणीची होती, मला आक्काची पाठ. मी पुष्कळ विचार केला. फरक सापडला नाही.

बाबासाहेबांनी घरातली गोष्ट घरात ठेवा असं सांगितलं नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला महिला परिषदेत त्यांनी आपल्या बायांनाच सांगितलं की बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून उभं राहावं, गुलाम म्हणून नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, १९८६ साली पुस्तक आलं. आपल्याच घरांत सुनांचा कसा छळ होत होता तो त्यांनी लिहून ठेवला. पोलिसांनी जे नोंदलं नाही ते आपल्या एका बाईनं नोंदलं. तिच्या लिहिण्यानं समाजाची बदनामी झाली का? झाली असेल तर मारणाऱ्यांची झाली.

एक आक्षेप खरा आहे, तो टाळत नाही. ज्या पोलिसांकडं तिनं जायचं ते कोणाचे? १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. परभणी आमच्यापासून लांब नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या धरपकडीनंतर कायदा शिकणारा आपला एक पोरगा न्यायालयीन कोठडीत गेला. अशा हातात आपलाच माणूस द्यायचा का, असं आक्काला वाटलं तर ती चुकली म्हणता येणार नाही. पण ते ठरवायचा हक्क तिचा. ठाण्याची भीती दाखवून तिला घरी परत पाठवायचा हक्क माझा नाही. पोलीस वाईट आहेत म्हणून नवरा चांगला होत नाही.

शिवाय ठाणं हा एकच दरवाजा नाही. २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहे. तो घटनेचा अहवाल लिहून मॅजिस्ट्रेटकडं पाठवतो. तोही सरकारी कागदच आहे. ठाण्यानं एफआयआर घेतली नाही तर १७३(४) कलमाखाली टपालानं तक्रार पोलीस अधीक्षकाला धाडता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिसांच्या आवारातच बायांसाठी विशेष कक्ष उघडला, पुढं ते राज्यभर गेले. हे आपण जयंतीच्या बॅनरवर का छापत नाही?

एकदा मी मायला विचारलं, "माय, बानं तुला किती वेळा मारलं असंल?" ती भाकरी थापत होती. म्हणली, "मोजत बसले असते तर भाकरी कोण केली असती?" मी गप्प झालो. तिचं बरोबर आहे. मार खाणारीनंच मार मोजायचा, हा न्याय नाही. मोजायचं काम दुसऱ्याचं आहे. सरकारचं आहे आणि आपलंही आहे. फक्त तिच्या मर्जीशिवाय तिचं नाव कुठं घ्यायचं नाही, आणि आपल्या भाषणाला वजन यावं म्हणून तिचा आकडा करायचा नाही. आक्काला विचारूनच हे लिहिलं. ती म्हणली, "लिव्ह. तू काय केलं तेबी लिव्ह."

आपल्या मंडळाच्या फळ्यावर वर्गणीचा हिशेब लागतो. मंडप किती, डीजे किती, शिल्लक किती. रुपया चुकत नाही. पुढच्या बैठकीत मी एक मागणी मांडणार आहे. किती बायांना आपण ठाण्यातून माघारी आणलं, कोणत्या कार्यकर्त्यानं आणलं, तेही लिहून काढू. बायांची नावं नकोत. आणणाऱ्यांची पाहिजेत.

पहिलं नाव माझं लिहा.