हुशार आहे, पण...

मराठी मध्यमवर्गात मुलं दोनच प्रकारची असतात. एक 'हुशार' आणि दुसरं 'हुशार आहे, पण अभ्यास करत नाही'. ढ मूल अजून कुणाच्याच घरात जन्मलेलं नाही. ती नेहमी शेजाऱ्यांना होतात. मी दुसऱ्या प्रकारातला. पहिल्या प्रकारची जागा आमच्या ताईनं माझ्याआधी तीन वर्षं येऊन अडवून ठेवली होती.

'पण'च्या पुढचा मजकूर दर सहामाहीला बदलायचा. पण लक्ष नाही. पण अक्षर गचाळ. पण सगळा जीव विटीदांडूत. मूळ भानगड मात्र एकच होती. रामरक्षा म्हण म्हटलं की मी घडाघडा म्हणायचो, आणि तीच पुस्तकात बघून वाच म्हटलं की तोंडाला कुलूप. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक तो डोक्यावरच्या रेघेचा. ही मंडळी माझ्यासमोर आली की खुशाल एकमेकांच्या टोप्या घालायची. वेलांटी डावीकडून आली का उजवीकडून, हे ती निघून गेल्यावर कळायचं.

आकड्यांनी तर उघड वैर धरलं होतं. गुरुजी म्हणायचे, "पंचवीस." आधी 'पंच' ऐकू आलं म्हणून मी आधी ५ लिहायचो, मग विसाचा २. झाले बावन्न! ऐकलं तसं लिहिलं तरी छडी. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायचीही सोय केली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला. विधानसभेतसुद्धा त्यावर विनोद झाले. मी हसलो नाही. माझा तळहात हुळहुळत होता.

या प्रकाराला 'डिस्लेक्सिया' हे नाव एका जर्मन नेत्रवैद्यानं एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवलंय. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पोरगं चलाख, पण लिहिलेलं वाचता येईना. त्याच्या मास्तरांचं मत असं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. म्हणजे 'हुशार आहे, पण' हे वाक्य विलायतेतही होतंच! फक्त तिथल्या डॉक्टरला 'पण'च्या पुढं चौकशी करावीशी वाटली. ती बातमी आमच्या वाड्यापर्यंत पोचायला सव्वाशे वर्षं लागली.

पोचली ती नातवामार्फत. चार वर्षांपूर्वी त्याची तपासणी झाली. तिथल्या बाईंनी विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला असा त्रास होता का?" घरातल्या चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. नाकानंतर नातवाला माझ्याकडून मिळालेली ही दुसरी इस्टेट.

तेव्हापासून माझ्या घरात मला माफ करण्याची मोहीम सुरू झाली. ताई मुद्दाम आली, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "तुला आम्ही उगाच बोललो रे. तुझा काय दोष?"

आता यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, साधारण चहा गार होईपर्यंत. मग मनात एक किडा वळवळायला लागला. आळशी म्हणण्यात एक प्रकारचा मान असतो हो! आळशी माणसाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असतं. मनात आणलं तर तो उठून बाहेर येईल, असं सगळे धरून चालतात. दोष माफ झाला की त्याबरोबर तो विश्वासही जातो की काय? 'बिचारा' हा शब्द मला 'गाढवा'पेक्षा जास्त लागतो. गाढवाला निदान कुणी ओझं उचलायला तरी सांगतं.

आणि दुसरा किडा पहिल्यापेक्षा वाईट. मी ताईला विचारलं, "माझ्या नापास होण्यात माझा दोष नसेल, तर तुझ्या पहिल्या नंबरात तुझं श्रेय किती?"

"वा रे वा! मी पहाटे चारला उठायचे!"

"मीसुद्धा चारलाच उठायचो. जे पान तू पाच मिनिटांत वाचायचीस, त्याला मला पाऊण तास लागायचा. घामावर मार्क असते तर बक्षिसाचा तांब्या माझ्या हातात असता."

ताई गप्प झाली. खरं सांगतो, तिला गप्प करण्याचा माझा हेतू नव्हता. साठ वर्षं जपलेला पहिला नंबर एका माणसाच्या हातून असा काढून घेणं हेही काही न्यायाचं नाही. मेहनत तिनंही केलीच होती. फक्त तिच्या मेहनतीला रस्ता डांबरी मिळाला होता, आणि तो तिनं बांधलेला नव्हता.

शेजारचे नाना निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना श्रेयाशी कर्तव्य नाही, घड्याळाशी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा प्रकार आला. आपल्या बोर्डाच्या सवलती त्याच्याही आधीच्या, जादा वेळ, लेखनिक वगैरे. नाना म्हणाले, "अहो, मग बाकीच्या पोरांवर अन्याय नाही का? वेळ सगळ्यांना सारखाच हवा."

मी म्हटलं, "नाना, परवाच्या मुंजीत सगळे पाटावर बसले होते आणि तुम्ही गुडघ्यापायी टेबलखुर्चीवर. तुमच्या पानात जिलबी जास्त पडली का?"

तरी नानांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. परीक्षेनं काहीतरी मोजलंच पाहिजे. प्रश्न इतकाच, की नेमकं काय मोजायचंय? टंकलेखनाच्या परीक्षेत जादा अर्धा तास मागितला तर मीच नानांच्या बाजूनं उभा राहीन. पण १७६१ साली पानिपतावर आपण का हरलो, हे विचारायचं असेल, तर पोरगं ते किती वेगानं लिहितं याच्याशी भाऊसाहेबांना काय देणंघेणं? आणि लेखनिकाचं म्हणाल तर व्यासांनीही घेतलाच होता, तोही साक्षात गणपती. महाभारताचे मार्क कुणी कापल्याचं ऐकिवात नाही. (हा लेखही मी तोंडी सांगतोय, सूनबाई उतरवून घेतायत. ऱ्हस्वदीर्घाचं श्रेय सर्वस्वी त्यांचं.)

माझं तसं अडलं नाही. चाळीस वर्षं साड्या विकल्या. गिऱ्हाईकाचा चेहरा, तिच्या नणंदेला आवडणारा रंग, तीन वर्षांपूर्वीची उधारी, सगळं तोंडपाठ. पावत्या बायको करायची. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय हे मात्र मी रंगवणाऱ्याच्या भरवशावर सोडलं होतं. पण अडलं नाही म्हणून छडी रास्त ठरत नाही. माझ्यासारखाच बाकावर उभा राहणारा एक मुलगा पाचवीत शाळेतून गेला तो गेलाच. त्याची तपासणी कुणी केली नाही, आणि त्याला माफ करायलाही कुणी आलं नाही.

ताई हल्ली दर रविवारी येते आणि नातवाला इतिहास मोठ्यानं वाचून दाखवते. आवाज अजून खणखणीत आहे. परवा धडा संपल्यावर त्यानं सगळा परत सांगितला, वर दोन अशा शंका काढल्या की ताईला पाणी मागावं लागलं. मग ती गॅलरीत जाऊन आपल्या मुलीला फोनवर सांगत होती, "अगं, हुशार आहे..."

मी आत सतरंजीची घडी घालता घालता थांबलो आणि 'पण'ची वाट पाहिली.

तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकतोस का?"