तो सुटला, मी सापडलो

वसुबारसेच्या सकाळी मोबाइलवर एक संदेश आला. त्या दिवसांत शुभेच्छांचे संदेश शेकड्यांनी येतात. त्यांतलाच हा एक असेल म्हणून मी चष्म्याशिवायच तो वाचू लागलो, आणि मग घाईघाईने चष्मा शोधावा लागला. आदल्या रविवारी दुपारी सातारा-पुणे रस्त्यावर माझी मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असल्याचे सरकारी कॅमेऱ्याने पाहिले होते. त्या जागी मर्यादा ६० ची होती. दंड रुपये २,०००. सोबत पुराव्यादाखल छायाचित्र जोडलेले. ते उघडून पाहिले. गाडी माझीच, नंबर माझाच, आणि काचेमागे अंधूक चमकणारे टक्कलही निःसंशय माझेच. छायाचित्राच्या डाव्या कडेला मात्र आणखी एक वाहन अर्धवट आले होते. ती माझ्या पुतण्याची मोटारसायकल होती.

वाईच्या जुन्या घराची दिवाळीपूर्वीची झाडलोट उरकून आम्ही दोघे त्या दुपारी बरोबरच निघालो होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर तो माझ्या शेजारी आला, हात हलवून हसला आणि पुढे गेला. सत्तरीच्या माणसाने करू नये ते मी तेव्हा केले; पायाखालची कळ थोडी अधिक दाबली. त्यानंतर काही वेळ आम्ही काका-पुतणे जोडीने धावत होतो आणि, खोटे कशाला बोलू, मला त्यात मोठी मौज वाटत होती. त्याच मौजेत एका गावाचा फाटा मागे पडला. कॅमेरा होता तो तेथेच.

पुतण्याला संदेश आला नाही. कारण साधे होते. कॅमेरा आमच्याकडे तोंड करून बसलेला. आणि त्याच्या मोटारसायकलची पुढची नंबरपाटी पावसाळ्यात कशाला तरी आपटून तुटली होती, ती त्याने पुन्हा बसवलीच नव्हती. "मागे आहे ना!" असे त्याचे म्हणणे.

पाडव्याला सारे फराळाला जमलो तेव्हा मी ही हकीकत सांगितली. सांगताना माझ्या आवाजात तक्रारीचा सूर आला असावा, कारण पुतण्या चकली मोडता मोडता म्हणाला, "काका, तुम्ही भरू नका दंड. सरळ लिहून कळवा. म्हणावं, शेजारचा सुटतो आणि मी सापडतो, हा कुठला न्याय?" सुटलेल्यानेच सापडलेल्याची वकिली करावी, असा प्रसंग कोर्टातही क्वचितच येत असेल.

आमच्या सौभाग्यवती करंज्यांचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "अहो, पण तुम्ही ८० वर होतात की नव्हतात?"

"होतो."

"मग झालं तर!" आणि त्या आत गेल्या.

कायद्याच्या दृष्टीने खटला तेथेच संपला. दंड मी त्याच दिवशी भरला. पण मन कायद्याइतक्या लवकर मोकळे होत नाही. शाळेत दोन मुले बोलत असतात, मास्तरांना एकच दिसतो, आणि तो उभा राहिल्याबरोबर म्हणतो, "गुरुजी, हाही बोलत होता!" हे वाक्य आपल्यापैकी कोणी उच्चारले नसेल असे मला वाटत नाही. मास्तर म्हणतात, "मी तुझं विचारतोय." मास्तरांचेही बरोबर असते आणि पोराच्याही पोटात जे दुखत असते ते खोटे नसते. त्या दुखण्याचे नाव काय, हे मला शोधायचे होते.

कॅमेरा रस्त्यावर आला तेव्हा त्याचे कौतुक झाले ते त्याच्या निःपक्षपातामुळेच. चौकातल्या हवालदाराला आमदाराचा भाचा ओळखू येतो, रडवेली मुद्रा दिसते, मुठीतली नोटही कळते. कॅमेऱ्याला यातले काहीच कळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची जी नवी मूर्ती बसवली तिच्या डोळ्यांवरची पट्टी काढलेली आहे. हातात तलवारीऐवजी संविधान आहे. न्याय आंधळा नसतो, तो सर्वांना सारखे पाहतो, असा त्यातला भाव. कॅमेराही उघड्या डोळ्यांचा. फक्त तो माणसे पाहत नाही, पाट्या पाहतो. आणि सगळ्यांच्या पाट्या सारख्या नसतात, येथून घोटाळ्याला सुरुवात होते.

या यंत्राचा जनकही मोठा गमतीचा. मॉरिस गॅट्सोनाइड्स हा डच मोटारशर्यतपटू. १९५३ साली त्याने माँटे कार्लोची प्रसिद्ध शर्यत जिंकली. वळणावर आपली गाडी किती वेगाने निघते हे त्याला बिनचूक मोजायचे होते, म्हणजे मग तो वेग आणखी वाढवता आला असता! त्यासाठी बनवलेल्या मोजणीच्या साधनातूनच पुढे वेग पकडणारी यंत्रे निघाली. ब्रिटनमध्ये असा पहिला कॅमेरा १९९२ साली लंडनच्या ट्विकनहॅम पुलाजवळ लागला. तो वाहनाचे छायाचित्र पाठीमागून घेई, कारण समोरून झोत टाकला तर चालवणाऱ्याचे डोळे दिपायचे. पाठीमागे पाटी मोटारीलाही असते आणि मोटारसायकललाही. तेथवर सारे सारखे होते. मग डोळे न दिपवता समोरून टिपणारे कॅमेरे आले आणि तेथील मोटारवाले कुरकुरू लागले. कारण मोटारसायकलच्या पुढच्या पाटीची सक्ती ब्रिटनने १९७५ सालीच उठवली होती. ती का उठवली? पुढच्या चाकावर धार पुढे करून बसवलेली ती पत्र्याची पाटी पायी चालणाऱ्याला सुरीसारखी कापील, अशी भीती होती म्हणून. पायी चालणाऱ्याच्या रक्षणासाठी काढलेल्या पाटीने पायी चालणाऱ्याच्याच रक्षणासाठी लावलेल्या कॅमेऱ्याला निम्मा आंधळा केला! जर्मनीत तर दंड मालकाला नव्हे, चालवणाऱ्याला होतो. त्यासाठी चेहरा दिसावा लागतो. आणि हेल्मेटच्या आत चेहरा कसला दिसतो?

आपल्याकडे कायद्यात ही पळवाट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीलाही पुढेमागे पाटी हवीच. पण तेच नियम मोटारीच्या पाटीवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच मागतात आणि मोटारसायकलच्या पुढच्या पाटीवर ३० वर समाधान मानतात. त्यातून कोणी आकडे वाकवून 'दादा' लिहितो, कोणी पाटी आडवीतिडवी लावतो, कोणी पावसाळ्यात तुटली ती तशीच ठेवतो. तेव्हा परदेशात जे कायद्याने झाले ते येथे हलगर्जीपणाने होते, इतकाच फरक.

तर मग मोटारवाल्याची तक्रार खरी की खोटी?

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे मुंबईच्या लोकलने प्रवास केला. हजारो माणसे उतरतात आणि तिकीट तपासनीस त्यांतल्या दहांना हटकतो. विनातिकीट सापडलेला माणूस "बाकीच्यांना का नाही?" म्हणाला तर आपण हसतो. कारण तपासनिसाचा हात कोणाच्याही खांद्यावर पडला असता; आज माझ्या, उद्या तुमच्या. ही एक सोडत आहे आणि तिच्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत. पण समजा, तपासनीस पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरणाऱ्यांना कधीच हटकत नाही. मग सापडलेल्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही, दंडही योग्यच ठरतो. तरी काहीतरी बिघडलेले असते. चिठ्ठ्या टाकतानाच एका वर्गाच्या बाजूला काढलेल्या असतात. 'चुकून निसटणे' आणि 'निसटण्याची सोय असणे' या दोन गोष्टी एक नव्हेत. शाळेतल्या पोराच्या पोटात दुखते ते या दुसऱ्या गोष्टीने.

येथवर मी माझ्या बाजूने विचार करीत होतो हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आपली तक्रार खरी आहे असे ठरले की माणसाला बरे वाटते. मलाही वाटले. पण लगोलग मनात आले, या सोयीचा फायदा कोणाला? पहिल्या वर्गातल्या फुकट्याचे पैसे वाचतात. पुतण्याचे काय वाचले?

२०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आणि एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक वेगमर्यादा ओलांडल्याच्या खात्यावर मांडलेले आहेत. मोटारीत माझ्याभोवती पत्र्याची पेटी असते, छातीवर पट्टा असतो, पुढ्यात हवेची पिशवी दडलेली असते. त्याच्याभोवती वारा असतो. दोन हजार रुपयांचा तो संदेश म्हणजे सरकारने माझ्या पाठीवर मारलेली थाप होती, "जरा हळू." जिला या थापेची सर्वांत अधिक गरज तीच पाठ यंत्राला दिसत नाही. पक्षपात होतो हे खरे. पण तो कोणाच्या पक्षाला लाभतो हे मी उलटे धरून बसलो होतो. सुटलेल्याला सवलत मिळालेली नसते, तो मोजदादीतून गळालेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मोटारीला जास्त धाक हवाच, तिचे वजन पाहा. हे खरे आहे. माणसांसकट मोटार हजार-बाराशे किलोंची, स्वारासकट मोटारसायकल सव्वादोनशेची. त्याच वेगात माझ्या गाडीचा तडाखा त्याच्या पाचपट. पण वेग ६० वरून ८० वर नेला की कोणत्याही वाहनाचा तडाखा पावणेदोनपट होतो, आणि फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या पोरीला सव्वादोनशे किलोही पुष्कळ होतात. ॲरिस्टॉटलने लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. दगड वेडावाकडा असला की ती पट्टी त्याच्या अंगाप्रमाणे वाकते. काही ठिकाणी न्यायालाही तसे वाकावे लागते, असे त्याचे म्हणणे. फिनलंडमध्ये ही पट्टी मिळकतीप्रमाणे वाकते. तेथील एका बड्या टेलिफोन कंपनीच्या अधिकाऱ्याला ५० च्या जागी ७५ ने मोटारसायकल हाकल्याबद्दल १ लाख १६ हजार युरो दंड झाल्याची बातमी २००२ साली जगभर गाजली; पुढे अपिलात तो पुष्कळच उतरला. आपल्या घरी गरम जेवण पोहोचवणाऱ्या पोराकडून दोन हजार घ्यावे की दोनशे, यावर वाद घालता येईल. (त्याचा निम्मा वेग आपल्या भुकेचा असतो, हे त्या वादात विसरू नये.) पण पट्टी वाकवणे वेगळे आणि एका दगडाला ती लावायचीच नाही हे वेगळे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी पाडव्याला फराळापुढे सांगितली नाही.

१९८१ साली माझ्याकडे स्कूटर होती. पुष्कळ वर्षे नंबर लावून मिळालेली. तेव्हा तसाच नंबर लावावा लागे. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, पुण्यात एका वळणावर मी घाईत होतो. एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडत होते. माझ्या हँडलचा त्यांच्या कोपराला धक्का लागला. ते खाली बसले आणि त्यांच्या हातातल्या पिशवीतले चुरमुरे रस्त्यावर पसरले. मी थांबलो नाही. आरशात पाहिले, ते उठत होते असे मला वाटले. वाटले, एवढेच म्हणतो. चव्वेचाळीस वर्षांत त्याहून अधिक खात्रीने मला ते म्हणता आलेले नाही. माझा नंबर कोणी टिपला नाही. कोणाचे पत्र आले नाही. महिनाभर मी त्या वळणावरून गेलो नाही आणि मग जाऊ लागलो. त्या वेळी कोणी दोन हजार रुपये मागितले असते तर मी उधार काढून दिले असते, आणि बरे झाले असते. सुटण्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते या एका अनुभवातून. म्हणून पुतण्या "मी सुटलो" असे हसत म्हणाला तेव्हा मला त्याच्याबरोबर हसता आले नाही.

पाडव्याला दुपारी चहा झाल्यावर त्याने हेल्मेट उचलले. वहिनी त्याच्याबरोबर बाहेरच्या गॅलरीत आल्या. धाकट्या भावाच्या माघारी याला त्यांनीच वाढवला. फराळाच्या वेळी त्या सारे ऐकत होत्या, मध्ये एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्या माझ्याकडे वळून हलकेच म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला निदान सरकारनं कळवलं. याला कोण कळवणार हो?"

मी म्हणालो, "मी त्याच्याशी बोलतो." बोलायचे ते काय, हे मात्र तेव्हा मला ठाऊक नव्हते, चुरमुऱ्यांपासून सुरुवात करावी लागेल एवढे कळत होते.

खाली मोटारसायकल सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी रांगोळी चुकवण्यासाठी त्याने ती हळू केली, वळवली, आणि मग एकदम वेग घेतला. मागची पाटी क्षणभर दिसली. वहिनी आवाज ऐकू येईपर्यंत कठड्याला धरून उभ्या होत्या.