अध्यादेश आणि तुरीचा डबा

आमच्या घरी संसदीय पद्धत आहे. पगार मी आणतो, खर्चाला मंजुरी सौ.ची. शिल्लक तुरीच्या डब्यात, डाळीखाली.

एकदा सौ. बहिणीच्या बाळंतपणाला गेली असताना धाकट्या भावाला दोन हजारांची नड लागली. मी डब्यात हात घातला, पैसे काढले आणि चिठ्ठी ठेवली : ‘रु. २,००० तात्पुरते घेतले.’ खाली तारीख, सही. बँकेतली सवय!

घटनेतही ही सोय आहे. विधिमंडळ बसलेलं नसेल आणि निकड असेल, तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल अध्यादेश काढतात. कलम २१३. पण सभागृह भरलं की तो पुढ्यात ठेवायचा. त्यानंतर सहा आठवड्यांत कायदा झाला नाही, तर खलास.

सौ. परत आली. चिठ्ठी तिने पाहिली असणारच. ती काही बोलली नाही आणि माझी जीभ उचलेना. महिन्याने मी जुनी चिठ्ठी केरात टाकून नव्या तारखेची ठेवली. बँकेत याला ‘नवं-जुनं’ म्हणतात. जुनं कर्ज फिटलं म्हणून लिहायचं आणि लगेच तेवढंच नवं द्यायचं. पैसा जागचा हलत नाही, खातं मात्र स्वच्छ!

आणि मी काही एकटा नव्हतो. १९६७ ते १९८१ या काळात बिहार सरकारने २५६ अध्यादेश असेच पुन:पुन्हा काढून जगवले. काही तर जवळजवळ चौदा वर्षं. अधिवेशन संपलं की जुने अध्यादेश नव्याने काढायचे आहेत, अशी आठवण खात्यांना लेखी जायची. (कारकुनाला गहिवरून येईल अशी व्यवस्था.) हे हुडकून काढलं पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. वाधवांनी. ते कोर्टात गेले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेची फसवणूक म्हटलं. २०१७ साली पुन्हा बिहारच्याच प्रकरणात तेच सांगावं लागलं, म्हणजे सवय किती चिवट बघा.

मला कोडं पडायचं ते वेगळंच. ज्याचं सरकार त्याचंच सहसा बहुमत. मांडला असता तर मंजूर झालाच असता की! मग मांडायला काय धाड भरली होती? माझ्यावरून सांगतो. भीती ‘नाही’ची नसते हो. कुणीतरी मागच्या बाकावरून उठून ‘का?’ विचारील, याची असते. भावाने याआधीचे तरी कुठे परत केले होते?

दिवाळीच्या साफसफाईत सौ.ने माझ्यापुढे एक गठ्ठा ठेवला. केरातून उचललेल्या एकोणीस चिठ्ठ्या, तारीखवार, टाचणी लावून.

“पैशांचं राहू द्या,” ती म्हणाली. “एकोणीसदा सही करायला हात उठला, एकदा सांगायला तोंड उघडलं नाही?”

न्यायालयाने वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये देवविले होते. सौ.ने अजून आकडा सांगितलेला नाही.