अकरा मतं

गावाकडच्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या प्रभागातला एक उमेदवार अकरा मतांनी पडला. मी नोकरीसाठी मुळशी तालुक्यात, भरे गावात भाड्याने राहतो. मतदार यादीत नाव मात्र अजून गावीच आहे, म्हणून रजा टाकून मत द्यायला गेलो होतो. उमेदवार बौद्धवाडीतला, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. राखीव जागा असतानाही तो सर्वसाधारण जागेवर उभा राहिला होता. "त्यांच्यासाठी वेगळी जागा ठेवलीय की, मग इकडे कशाला?" हे मी तेव्हा निदान पाच जणांकडून ऐकलं. पाचही जण चांगले आहेत, अडीअडचणीला धावून येणारे. निकालानंतर दादा एवढंच म्हणाला, "जात आडवी आली."

मला ते पटलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही बंद पडलं की पहिलं सुचलेलं कारण धरून बसायचं नाही, ही आमची सवय. दादाचा प्रचार उशिरा सुरू झाला होता, समोरच्याने वस्तीत पाण्याची लाइन आणली होती, शेवटच्या दोन रात्री पैसेही फिरले म्हणतात. परत आल्यावर घोटवडे फाट्यावर चहा पिताना मित्राला म्हणालो, "हरलेला माणूस काहीतरी कारण सांगणारच." त्याने विचारलं, "तू कुणाला दिलंस?" म्हटलं, "भावकीत उभा होता ना एक जण." तो काही बोलला नाही.

"जातीमुळे हरलो" हे सिद्ध करणं उमेदवाराला जवळजवळ अशक्य असतं. मतदान गुप्त असतं आणि मन त्याहून गुप्त. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी टॉम ब्रॅडली हा कृष्णवर्णीय उमेदवार जनमत चाचण्यांमध्ये पुढे होता, आणि थोडक्यात हरला. लोक चाचणीत एक सांगतात आणि मत दुसऱ्यालाच देतात, या संशयाला पुढे त्याचंच नाव पडलं. काहींच्या मते मात्र त्याला पोस्टाने आलेल्या मतांनी हरवलं. वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडचं मोठं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मतं पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. काजरोळकर स्वतः अनुसूचित जातीतलेच. मग जात आडवी आली कशी म्हणायची? शिवाय तेव्हा काँग्रेसची लाटच होती, ४८९पैकी ३६४ जागा तिला मिळाल्या. राज्यघटनेचा शिल्पकार पडला याची आपल्याला आज हळहळ वाटते, पण तेवढ्यावरून कारण ठरत नाही.

बाबासाहेबांनी स्वतः तक्रार केली ती मोजता येणाऱ्या गोष्टीची. तेव्हा अशा मतदारसंघातून दोन खासदार निवडले जायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि मतदाराला दोन मतं असायची. त्यांनी आणि समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. ७४,३३३ मतं बाद झाली आणि मतं वाया घालवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा त्यांचा दावा होता. तो फेटाळला गेला.

जातीबद्दल जे म्हणायचं ते त्यांनी वीस वर्षं आधीच म्हणून ठेवलं होतं. १९३२मध्ये स्वतंत्र मतदारसंघांची मागणी करताना त्यांचा मुद्दाच तो होता: संयुक्त मतदारसंघात अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण हे शेवटी सवर्णांची मतं ठरवणार. येरवड्याच्या करारात राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, मतदारसंघ मात्र संयुक्तच राहिले. म्हणजे काजरोळकरांचा विजय त्या मुद्द्याला खोडून काढत नाही. तो मुद्दा अशाच निकालाबद्दल होता.

पुढे १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. तिथेही दोन जागा, प्रत्येकाला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पुन्हा हरले. प्रतिस्पर्धी वेगळे होते, त्यामुळे एवढ्याने काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण मतदार तेच, दिवस तोच, आणि ज्यांनी मेहतांना मत दिलं त्यांच्यापैकी काहींचा हात बाबासाहेबांपाशी येऊन थांबला असणार. हा निकाल वाचून मी बराच वेळ बसून राहिलो.

कारण माझाही हात थांबला होता, आणि मनात द्वेष अजिबात नव्हता. मी दादाच्या विरोधात मत दिलंच नाही. भावकीतल्या माणसाला दिलं, एवढंच. आमच्या आळीतल्या सगळ्यांना विचारलं तर सगळे हेच सांगतील, आणि कुणीही खोटं बोलत नसेल. पण भावकी म्हणजे तरी काय? जन्माने मिळालेली मतं. ती ज्याला मिळूच शकत नाहीत त्याने प्रचार लवकर सुरू करायचा, पाण्याची लाइनही आणायची आणि शिवाय स्वभावाने गोडही असायचं; तेव्हा कुठे तो बाकीच्यांच्या बरोबरीला येणार. प्रचार कमी पडला हे खरं आहे. तो दुसऱ्याला कमी पडला असता तर चाललं असतं, हेही खरं आहे.

म्हणून "जात की प्रचार" हा माझा प्रश्नच चुकीचा होता. फरक अकरा मतांचा असेल तर निदान अकरा मतांचं प्रत्येक कारण एकट्याने पुरेसं असतं. त्यातलं कुठलं पुढे करायचं हे हरलेला ठरवतो तसं जिंकलेलाही ठरवतो, आणि माझ्यासारखा चहा पीत बोलणाराही. प्रचाराचं कारण मला सोयीचं होतं. त्यात मी कुठेच येत नव्हतो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईला सहज विचारलं. म्हणाली, "अरे, तो चांगलाच आहे. पण आपला माणूस उभा होता ना." दादाकडे फराळाला गेलो. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे, तिला कम्प्युटर घ्यायचं की दुसरं काही, हे तो मला विचारत होता. मी कॉलेजं सांगितली, फी सांगितली. आमच्या घरातली सहा मतं तिकडून इकडे आली असती तर तो एका मताने जिंकला असता, हे मी गाडीत बसल्यावर मोजलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.