मौन हेसुद्धा असत्य असू शकते का?

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम १७ चे एक उदाहरण आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असून एक जण तो लिलावात विकतो; दोषाबद्दल अवाक्षर काढत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. परीक्षेत मी हेच लिहिले आणि गुण मिळवले.

गेल्या वर्षी वडिलांची जुनी येझदी विकायची वेळ आली. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी या गाड्यांना आजही हौशी ग्राहक मिळतात. आमची गाडी दिसायला देखणी होती, पण तिच्या क्रँकचे ऑइल सील गेले होते. गाडी उभी असताना गिअरबॉक्समधले तेल इंजिनात झिरपे आणि सुरू करताच पांढरा दाट धूर येई. दुसरा गिअरही मध्येच सुटत असे.

एका परिचितांनी सल्ला दिला, "ग्राहक यायच्या आधी एक चक्कर मारून आण. तेल जळून जाईल, धूर दिसणार नाही." मी तसेच केले.

ग्राहक माझ्याच वयाचा होता. तो म्हणाला, "मला यातलं फारसं कळत नाही, पण गाडी खूप आवडली." त्याने काहीच विचारले नाही. कायदा माझ्या बाजूने आहे, असे मी स्वतःला समजावले.

तेव्हा त्याच कलमातले पुढचे उदाहरण आठवले. घोडा घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे मौन परक्यापुढे चालते, आपल्या माणसापुढे नाही. मग प्रश्न कायद्याचा उरतच नाही. समोरच्याला मी परका मानतो की आपला, एवढाच उरतो. रोज प्रार्थनेत सर्वांना आपले म्हणणारा मी, त्या क्षणी काय करत होतो?

मी त्याला म्हटले, "इंजिन मी मुद्दाम गरम करून ठेवलं आहे. उद्या सकाळी मेकॅनिकला घेऊन ये आणि थंड इंजिनावर किक मारून बघ."

तो पुन्हा आला नाही. महिन्याभराने सगळे दोष सांगून गाडी विकली, आठ हजार कमी आले. ते पैसे बोचले, हे नाकारत नाही. पण गाडी घेणाऱ्याचा फोन आला की आज मी न घाबरता उचलतो.

आपणही एकदा स्वतःला विचारून पाहूया: आपण गप्प राहतो, तेव्हा कोणाला परके ठरवत असतो?