पहिल्या घोटाआधीचा समाज

व्यसनमुक्तीचा विचार बहुधा व्यसन जडलेल्या माणसापासून सुरू होतो आणि उपचार, समुपदेशन, पुनर्वसन या क्रमाने पुढे जातो. ज्या मुलाने अजून पहिला घोटही घेतलेला नाही, त्याच्यासाठी करावयाच्या कामाला आरोग्यशास्त्रात प्राथमिक प्रतिबंध म्हणतात. हे काम दवाखान्याच्या आवाक्यातले नसते, कारण ते घराच्या, गल्लीच्या आणि शाळेच्या रोजच्या व्यवहारातच घडू शकते.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार 10 ते 75 वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशात 14.6 टक्के, तर छत्तीसगडमध्ये 35.6 टक्के होते. त्याच सर्वेक्षणातील दुसरी नोंद अधिक अस्वस्थ करणारी आहे: नाकातोंडाने हुंगून घेतल्या जाणाऱ्या द्रव्यांचे सेवन प्रौढांमध्ये 0.58 टक्के, पण 10 ते 17 वर्षांच्या मुलांमध्ये 1.17 टक्के आढळले, आणि मुले मोठ्यांच्या पुढे असलेला नशेचा हा एकमेव प्रकार ठरला. चिंधीवर ओतून, मुठीत धरून हुंगले जाणारे पंक्चरचे सोल्यूशन अबकारी खात्याच्या कक्षेत येत नाही. ते कोणाच्या हाती द्यायचे, हे दुकानदारच ठरवतो.

रायपूरच्या उत्तरेला, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या बीरगांवात मुलाला ओळखणारे कोणी नसणे, हीच प्रश्नाची खरी गाठ आहे. कारखान्यांमुळे वाढलेल्या अशा वस्तीत शेजार सतत बदलतो, आईवडील पाळीवर असतात आणि ‘अमक्याचा पोरगा’ म्हणून मुलाला हटकणारी जुन्या गावातली नजर भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत सहसा उरत नाही. म्हणून इथे समाज गृहीत धरून चालत नाही; तो आधी घडवावा लागतो.

तो घडवता येतो, याचा दाखला छत्तीसगडमध्येच आहे. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत 1977 साली उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेने शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मजुरी वाढवून घेतली. मात्र वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जाताना दिसताच संघटनेने दारूविरोध हा स्वतःच्याच लढ्याचा भाग मानला, पिणाऱ्या सदस्यांना दंड केला आणि स्त्रियांना या मोहिमेत पुढे आणले. केवळ दंडावर ही मोहीम टिकली नसती, कारण धाकाने व्यसन सुटण्याऐवजी लपते. त्याच कामगारांनी शाळा चालवल्या, 1983 मध्ये शहीद रुग्णालय उभारले आणि आपल्या माणसाला परत येण्यासाठी जागा ठेवली. शेजारच्या गडचिरोलीनेही हेच शिकवले: तिथे 1993 मध्ये जनआंदोलनातून दारूबंदी आली, तरी तिला गावागावांत आधार देण्यासाठी 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाला गावसंघटना बांधाव्या लागल्या.

1990 नंतर नियोगींच्या चळवळीचे लोण भिलाईबरोबर उरल्यापर्यंत पोहोचले होते, त्यामुळे बीरगांवला हा वारसा परका नाही. महिला बचत गट, कामगार संघटना, शाळा आणि वॉर्डाचे नगरसेवक यांनी संध्याकाळचे मोकळे तास मुलांसाठी वाटून घेतले, मैदानात दिवा आणि अभ्यासिकेत एक मोठे माणूस राहील एवढी व्यवस्था केली, तर मुले वस्तीच्या ओळखीची होतील. मग सोल्यूशनची नळी मागणाऱ्या मुलाला सायकल दुरुस्तीचा दुकानदार नावाने हाक मारून, सायकल कुठे आहे, असे विचारू शकेल. आणि उत्तर आले नाही, तर त्याच्या घरी कोणाशी बोलायचे, हेही त्याला ठाऊक असेल.