सवलत की ऋणफेड?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या पालकाला प्राप्तिकरात जी वजावट मिळते, तिला व्यवहारात ‘सवलत’ म्हटले जाते, आणि या एका शब्दात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. सवलत देणारा उदार ठरतो आणि घेणारा उपकृत. परंतु जे मुळात ज्याचे त्याला परत करायचे असते, ते देताना औदार्याला जागा उरत नाही. ही वजावट समाजाचे दान आहे की समाजाने फेडायचे ऋण आहे, याचा विचार केवळ हिशेबाच्या वहीत संपत नाही, कारण धर्मविचार ज्याला कर्तव्य म्हणतो त्याचीच येथे कसोटी लागते.

विकसित होत असलेल्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच इजा झाल्यामुळे हालचालींवर, शरीराच्या ठेवणीवर आणि कधी बोलण्यावरही जी कायमची मर्यादा येते, तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची कमतरता, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ आणि जंतुसंसर्ग ही तिची ज्ञात कारणे आहेत. तरीही अशा मुलाच्या आईला ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे शब्द आजही ऐकावे लागतात. कर्मविचार माणसाला स्वतःच्या आचरणाचा जाब विचारायला शिकवतो. तोच विचार शेजाऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी वापरला, की शेजारी, गाव आणि शासन सगळेच जबाबदारीतून सुटतात. ‘दिव्यांग’ हा शब्द सन्मानाच्या भावनेने रूढ झाला असला, तरी देवत्व बहाल करून हक्काचा विसर पडत असेल, तर तीही सुटकेचीच वाट होते.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने रूढ केलेल्या रचनेत दोन कलमे या संदर्भात महत्त्वाची आहेत. अपंगत्व असलेली व्यक्ती स्वतः करदाती असेल, तर तिला कलम ८०यू लागू होते; तिचा सांभाळ करणारे आईवडील, मुले, भावंडे किंवा जोडीदार यांच्यासाठी कलम ८०डीडी आहे. अपंगत्व किमान ४० टक्के असल्यास ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये करपात्र उत्पन्नातून वजा होतात. सेरेब्रल पाल्सीसाठी मेंदूविकारतज्ज्ञाचे, बालकाच्या बाबतीत बालमेंदूविकारतज्ज्ञाचे, अथवा जिल्हा शल्यचिकित्सकांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. वजावटीची रक्कम ठरलेली असल्याने प्रत्यक्ष खर्च तिच्याहून कमी झाला तरी ती पूर्ण मिळते. या तरतुदीत एक खोल सत्य मान्य झाले आहे: व्यायामोपचाराची पावती मिळते, आईच्या जागरणाची मिळत नाही.

करन्यायाचे मूळ तत्त्व असे, की प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे भार उचलावा. परंतु ऐपत केवळ उत्पन्नाच्या आकड्याने मोजता येत नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९७९ मधील ‘समता कशाची?’ या प्रश्नावरील व्याख्यानात अपंगत्वाच्याच उदाहरणाने दाखवले. तेवढ्याच पैशात अपंग माणसाला इतरांइतके जगणे साधता येत नाही. लातूरमधील दोन शिक्षकांचे वेतन सारखे असेल आणि त्यांपैकी एकाच्या घरी सतत आधार लागणारे मूल असेल, तर दोघांकडून सारखाच कर घेणे ही दिसायला समता आणि वास्तवात विषमता आहे. वजावट या अर्थाने कृपा ठरत नाही. ती चुकलेल्या मोजमापाची दुरुस्ती आहे.

या भूमीच्या परंपरांना हा विचार परका नाही. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांसोबत मनुष्यऋणही सांगितले आहे. म्हणजे माणूस जन्मतःच इतर माणसांचे देणे घेऊन येतो. लातूर परिसरात रुजलेल्या लिंगायत परंपरेत कायक म्हणजे प्रामाणिक श्रम आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ समाजाला सेवाभावाने अर्पण करणे. त्यात देणारा स्वतःला दास मानतो, दाता म्हणवत नाही. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमुळे या प्रदेशाला परिचित असलेल्या शीख परंपरेत कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दसवंध, बाजूला काढला जातो आणि लंगरमध्ये सर्वजण एकाच पंगतीत बसतात. लातूरजवळच्या हरंगुळ येथील ‘संवेदना’ केंद्रात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी चालणारे काम याच ऋणभावनेचे आजचे रूप म्हणता येईल.

मात्र ऋणफेडीचा निकष लावला, की कायद्यातील उणीवही उघडी पडते. तीव्र अपंगत्वाच्या वजावटीमुळे ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे, अधिभार व उपकर वगळता, ३७,५०० रुपये वाचतात, २० टक्के दराने भरणाऱ्याचे २५,००० वाचतात, आणि किनवटच्या शेतमजुराचे किंवा औशाच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे काहीच वाचत नाही, कारण त्यांना प्राप्तिकरच लागू होत नाही. नव्या करप्रणालीत तर या दोन्ही वजावटी मिळत नाहीत. गरीब घरातील मुलासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. पण करदात्याच्या घरातील मूल कायद्याच्या भाषेत ‘अवलंबित’ आणि मजुराच्या घरातील मूल ‘निराधार’ ठरावे, हा भेद मुलाच्या गरजेतून आलेला नाही.

‘आमच्या मागे याचे कसे होणार?’ हा या पालकांचा सर्वांत जड प्रश्न आहे. पाल्याच्या नावे विमा योजनेत पैसे भरून वजावट घेतली, तर पूर्वी त्या योजनेचे लाभ पालकाच्या मृत्यूनंतरच पाल्याला मिळतील अशी अट होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाला तिचा फेरविचार सुचवला आणि २०२२ मध्ये पालकाने वयाची साठ वर्षे पूर्ण करून हप्ते भरणे थांबवल्यावर, त्याच्या हयातीतही लाभ मिळण्याची मुभा देण्यात आली. कायदा माणसाचे ऐकून बदलू शकतो, याचा हा पुरावा आहे.

म्हणून जे पालक पात्र आहेत त्यांनी ही वजावट संकोच न बाळगता मागावी, कारण ते कोणापुढे हात पसरत नसून समाजाकडे थकलेले देणे मागत आहेत. आणि ज्यांच्या उत्पन्नावर करच बसत नाही, त्यांच्या मुलांपर्यंत तेच देणे थेट पोहोचवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. धनकोचे उत्पन्न पाहून फेडले जाणारे ऋण फिटले असे कोणतेही धर्मशास्त्र मानणार नाही.